मरियेची नजर

जठारपेठेतल्या घरात गजेंद्रच्या खाटेसमोर एका जुन्या इटालियन चित्राची प्रत टांगलेली होती. मेलेल्या येशूला मांडीवर घेऊन मरिया त्याच्या तोंडाकडे पाहत होती. गजेंद्रची बायको पौर्णिमा शाळेत चित्रकला शिकवायची. ‘दुःख डोळ्यांत नाही, भुवयांत असतं,’ असं ती मुलांना सांगायची.

डॉक्टरांनी गजेंद्रची आशा सोडली होती. त्या दुपारी झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन ती त्याच्याजवळ बसली.

“ते बाई मान वर करून पाहून राहिली,” गजेंद्र म्हणाला.

मरियेची नजर खरंच वर उचललेली होती. भुवया दुःखाने आक्रसल्या होत्या.

“नका पाहू तिकडे,” पौर्णिमाला रडू फुटलं. “तुमाले काही नाही होत.”

“माह्याकडे नाही,” तो पुटपुटला. “तुह्या मांडीकडे.”

लेक मघापासून हलली नव्हती. पौर्णिमाची खाली पाहायची छाती होईना.