आक्काचं पथ्य

नव्वद साली बनुआक्कानं आपली एक किडनी धाकट्या भावाला, गुंडाला दिली आणि ती त्याला लाभावी म्हणून देवापुढं मटण आणि तंबाखूची मिश्री दोन्ही सोडलं. तेव्हापासून गुंडा निर्धास्त होता. सात वर्षं किडनीनं कधी कुरकुर केली नाही.

यंदा दोघं जतहून सांगलीला तपासणीला आले.

"किडनी उत्तम आहे," डॉक्टर गुंडाला म्हणाले. "धोका आता हृदयाला आहे. ब्लडप्रेशर चढलंय, रक्तात चरबी वाढलीय. मटण, तंबाखू सोडायला सांगितलं होतं ना?"

"कवाच सोडलंय की, सायेब."

"मग खिशातली ही तंबाखूची पुडी कुणाची?"

"ती माझी. सोडलंय आक्कानं," गुंडा अगदी खऱ्या मनानं म्हणाला. "माझ्यासाठीच सोडलंय."

डॉक्टर हसले नाहीत. "त्यानं आक्कांचं हृदय ठणठणीत राहील. तुमचं नाही."

बनुआक्कानं हात लांब करून भावाच्या खिशातली पुडी काढली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"किडन्या दोन व्हत्या म्हणून एक दिली रं तुला," ती म्हणाली. "काळीज येकच हाय."