एकाच विहिरीचे

विद्यापीठातल्या रसायन आणि आरोग्य या दोन संस्था एक झाल्या, आणि दोन झाडूवाल्या बायांपैकी एकीला घरी बसावं लागणार होतं. त्यांतली एक, बयनाबाई, नव्या संचालकांपुढे उभी राहिली.

"तुमचं काम काय?"

"झाडपूस, साहेब. अन् कपाट लावून राह्यली."

"कसं?"

"रसायनवाल्यांकडं आमच्या गावच्या पाण्याच्या बाटल्या, आरोग्यवाल्यांकडं आमच्याच पोरांच्या पिवळ्या दातांचे फोटो. ठेवले एका फळीवर. दोनी एकाच विहिरीचे नं!"

"म्हणजे दातांचं कारण त्या पाण्यातच!" संचालक ताडकन उठले. थोड्याच वेळात वीस वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसलेले दोन्ही संस्थांचे जुने प्रमुख चष्मे पुसत त्या कपाटापुढे उभे होते.

"बयनाबाई, अजून कोणकोणती गावं अशी लावलीत?" संचालकांनी विचारलं.

"सांगतो की. पन मले उद्या यायचं हाय का नाई, ते आंदी सांगा!"