शनी बघायला

“साडेसाती कमी भोगली व्हय, की आता मुद्दाम शनी बघायला जायचं?” भाकरी थापता थापता आत्या पुटपुटली.

शाळेची मुलं आज शनिवारी रात्री दुर्बिणीतून शनीची कडी बघायला चितेगावच्या माळावर जाणार होती. रेणूला जायचंच होतं. आजोबा म्हणाले, माळावर थंडी लई असते. आईला विंचू आठवले. काकांना निरभ्र आभाळात ढग दिसले.

“पण शनीनं आपलं काय केलं?” रेणूनं विचारलं.

“तुझ्या पप्पाला नेलं त्यानं,” काका म्हणाले.

मुलगा गेल्यापासून सारजाआजी दर शनिवारी शनीला तेल वाहायची. तिनं हातातली तेलाची बाटली परत फळीवर ठेवली.

“जाऊ द्या पोरीला. गाडी शनी नव्हता चालवत. माझा बद्री चालवत होता, पिऊन.”