शेजारची सीट

गाडीची समोरची काच बदलली की आम्रपालीबाईंचे रविवार सुटणार होते. गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी सुगतराव आपली लाल, दोनच सीटांची, वयस्कर स्पोर्ट्स कार नगर रस्त्याने वाघोलीच्या पुढपर्यंत फिरवून आणत, आणि शेजारच्या सीटवर बसून आम्रपालीबाई त्यांना रस्ता वाचून दाखवत. "स्पीडब्रेकर." "डावीकडे सायकल." "अहो, लाल झालाय." विहारातला पाली भाषेचा वर्ग नेमका त्याच वेळी भरे. तिथे त्यांचं नाव होतं, हजेरी नव्हती.

दोष काचेचा, असं सुगतरावांचं ठाम म्हणणं. वायपरने चरे पाडलेत, ऊन आलं की सगळं पांढरं होतं. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी धरणांच्या भिंती तपासण्यात गेलेली; दोष असलाच तर तो समोरच्या वस्तूत असायचा. डोळे तपासून घ्या म्हटलं की ते म्हणत, "आधी काच."

ती काच आज स्वारगेटच्या मागच्या गल्लीत, कोंडीरामच्या गॅरेजात बसत होती. कोंडीराम गाडीत बसून रबराच्या खाचेतली दोरी हळूहळू ओढत होता आणि बाहेरून सुगतराव दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरत होते. दोरी निघेल तसतसं रबर पत्र्यावर चढत होतं. शेवटच्या कोपऱ्यात बारीकसा आवाज झाला. तिघंही जागच्या जागी थांबले. काच शाबूत होती. आम्रपालीबाईंनी श्वास सोडला. तोवर त्यांनी ती मनातल्या मनात चार वेळा फोडून पाहिली होती.

"झालं काका," कोंडीराम बाहेर येत म्हणाला. "आता घरात बसल्यासारखं दिसेल."

"घरात यांना डाळीतले खडे दिसत नाहीत," आम्रपालीबाई म्हणाल्या.

"ते निवडायचे असतात, बघायचे नसतात," सुगतराव म्हणाले आणि चावी फिरवली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी अट घातली. "आज तू एक शब्द बोलायचा नाहीस. काच कशी आहे ते मला कळू दे."

"आणि चांगली असली तर?"

"तर उद्या तू वर्गाला जा. मी एकटा जाईन."

आम्रपालीबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. 'एकटा' हा शब्द त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर पहिली पाच मिनिटं झकास गेली. रिक्षा चुकवली, सिग्नलला थांबले, सिग्नल सुटल्यावर निघाले. सुगतराव गुणगुणायला लागले. आम्रपालीबाईंना बरं वाटू लागलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुढे एक पांढरी व्हॅन आहे. व्हॅनचे दिवे लागले की सुगतराव ब्रेक दाबतात. व्हॅन निघाली की निघतात. ते रस्ता बघतच नव्हते. व्हॅन बघत होते.

पुढच्या चौकात व्हॅन डावीकडे वळली.

रस्ता मोकळा झाला. दुभाजकावर एक बाई उभी होती, राखाडी साडी, हातात भाजीची पिशवी. ती खाली उतरली आणि चालायला लागली. दिसेल त्यांना, आम्रपालीबाईंनी स्वतःला सांगितलं. एवढी मोठी बाई आहे. आता दिसेल. गाडीचा वेग तोच होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघितलंस?" सुगतराव म्हणाले. "किती स्वच्छ."

"अहो, बाई."

ब्रेक लागला. गाडी कळवळून थांबली. बाईचा एक हात बॉनेटवर टेकला होता, दुसऱ्या हातातल्या पिशवीतून एक दुधी रस्त्यावर पडला होता. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि खिडकीशी आली.

"काका, काच पुसत जा अधूनमधून," ती म्हणाली आणि गेली.

मागून हॉर्न वाजायला लागले. सुगतरावांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. नव्या काचेवर एक डागही नव्हता.

"तुला कधी दिसली?"

"दुभाजकावर होती तेव्हाच."

"मला," सुगतराव म्हणाले, "तू बोललीस तेव्हा."

ते खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत पलीकडे आले आणि त्यांनी बायकोच्या बाजूचं दार उघडलं. आम्रपालीबाई रोज घरची छोटी गाडी चालवत, पण या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी आजवर फक्त पुसलं होतं. स्टिअरिंगमागे बसून त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा स्वतःला दिसेल असा वळवला. पहिल्या गिअरला गाडीने दचका दिला.

"क्लच जड आहे," सुगतराव हळूच म्हणाले.

"कळलं."

हिशेब सरळ होता. सुगतरावांचं स्टिअरिंग गेलं. आम्रपालीबाईंचे रविवार तर आता दामदुप्पट गेले. आधी नुसते डोळे द्यावे लागत, यापुढे हातपायही. फायद्यात राहिली ती एकटी दुधीवाली, आणि जी काही किंमत पडली ती तिच्यासाठी पडली, हे तिला कधी कळणार नव्हतं.

सुगतरावांनी पट्टा लावला, एक तळवा समोर टेकवला आणि डोळे बारीक करून रस्त्याकडे पाहिलं.

"पुढे बस उभी आहे," ते म्हणाले.

बस नव्हती. पाण्याचा टँकर होता.

"हो, बस," आम्रपालीबाई म्हणाल्या, आणि टँकरच्या मागे त्यांनी गाडी हळू केली.