टिल्डाच्या डुकराची बोली

“म्हणजे गावानं मला दिलेले तीन हजार डॉलर कॉलेजनं खाल्ले,” टिल्डा कुबिचेक म्हणाली.

“खाल्ले नाहीत. समायोजित केले,” प्रुइट म्हणाला.

कॉलेजात कुणाला किती मदत द्यायची ते हा प्रुइट ठरवत असे. पैसे त्याचे नसत, पण देताना चेहरा असा करी की जणू स्वतःची किडनी काढून देतोय.

“आम्ही तुला बारा हजार देणार होतो. बाहेरून तीन मिळाले. आता आम्ही नऊ देऊ. तुझे बारा बाराच राहिले. रडतेस कशाला?”

“रडत नाहीये. मला पंधरा लागतात. म्हणून तर गावानं वरचे तीन दिले.”

“गावाला आमचे नियम कळत नसतील, तर तो गावाचा प्रश्न.”

त्या तीन हजारांसाठी ओल्ड बेथल गावानं वर्षभर दर रविवारी चर्चच्या तळघरात पॅनकेक विकले होते. वस्ती चारशेची. विकणारे तेच आणि खाणारेही तेच. शेवटी शेवटी तर कुत्रीसुद्धा रविवारी गाव सोडून जात.

“पंधरा तारखेपर्यंत उरलेले तीन हजार भर,” प्रुइट म्हणाला. “नाहीतर जागा दुसऱ्याला.”

टिल्डा उठली. दारापाशी थांबली. “मग मी डुक्कर विकीन.”

“काय?”

“माझं डुक्कर. जत्रेतल्या लिलावात. ओर्विलकाका म्हणालेत, गाव तीन हजारांना...” तिनं जीभ चावली.

प्रुइटनं पेन खाली ठेवलं. “डुकराचा बाजारभाव किती?”

“दोनशे. फार तर अडीचशे.”

“मग त्यावरचा प्रत्येक डॉलर म्हणजे लपवून दिलेली शिष्यवृत्ती. तेवढी मी कापणार. जत्रा कधी आहे?”

“शनिवारी,” टिल्डा अगदी बारीक आवाजात म्हणाली.

शनिवारी प्रुइट आला. नेब्रास्कातल्या ऑगस्टच्या उन्हात टाय लावून, नाकाला रुमाल धरून. गावातल्या पोरांनी वर्षभर वाढवलेली जनावरं जत्रेत लिलावाला उभी राहतात आणि दुकानदार कौतुकानं दुप्पट-चौपट भाव देतात, ही इथली पणजोबांपासूनची रीत. प्रुइट पहिल्या रांगेत वही उघडून बसला. आपण सगळ्यांना दिसावं, अशा बेतानं.

शेजारी येऊन टेकला ओर्विल स्टेन्झल. खिळे-मोळ्यांचा दुकानदार, पॅनकेकवाल्या मंडळाचा अध्यक्ष.

“साहेब, तुम्ही इकडे कुठे? बुटांना शेण लागेल की.”

“बघायला आलोय.”

“बघा, बघा. बघायला पैसे पडत नाहीत.”

टिल्डानं डुक्कर आणलं. ते इतकं लांबलचक होतं, की मागचे पाय मंडपात पोचेपर्यंत पुढच्यांना झोप लागली होती. लिलाव पुकारणाऱ्या मर्लनं घसा खाकरला. पाचशे झाले, हजार झाले. केस कापायचं दुकान चालवणाऱ्या नोवाकबाईंनी दीड हजार म्हटलं. ओर्विलनं दोन केले.

“एका डुकराला दोन हजार? लाज नाही वाटत?” प्रुइट लिहिता लिहिता म्हणाला.

“मांस चांगलं आहे, साहेब.”

“मला मूर्ख समजता?”

“छे, छे. तोंडावर कोण म्हणेल?”

अडीच हजारांवर बोली रेंगाळली. प्रुइटनं वहीतला आकडा पाहिला. मोठा होता, पण पोट भरेना. हे तीन हजारांपर्यंत जाणार, हे त्याला ठाऊकच होतं. जरा डिवचलं तर पुढेही जातील. जेवढे चढतील, तेवढं कापायला मिळेल. त्यानं हात वर केला.

“सव्वीसशे.”

ओर्विलचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. “तुम्ही? तुम्हाला कशाला हवं?”

“मांस चांगलं आहे म्हणालात ना?”

“सत्तावीसशे!” ओर्विल दातओठ खात म्हणाला.

“अठ्ठावीसशे.”

“एकोणतीसशे!” नोवाकबाईंचा आवाज चिरकला.

प्रुइटला हसू आवरेना. “गावंढळ लेकाचे. आपल्याच हातानं पोरीचा गळा कापतायत,” तो पुटपुटला आणि खणखणीत ओरडला, “एकतीसशे!”

पुढे कुणाचाच हात वर गेला नाही.

“एकतीसशे एकवार,” मर्ल म्हणाला. “एकतीसशे दोनवार.”

प्रुइटनं ओर्विलकडे पाहिलं. ओर्विल बुटाची नाडी बांधत होता. नोवाकबाईंकडे पाहिलं. त्या आकाश न्याहाळत होत्या.

“तीनवार! घ्या साहेब, डुक्कर तुमचं. पावती कुणाच्या नावानं? तुमच्या, की कॉलेजच्या?”

“ही फसवणूक आहे! हे लोक घेणार होते!”

“घेणारच होतो,” ओर्विल हळहळत म्हणाला. “पण तुमच्यापुढे आमचं काय चालणार? लिहा की वहीत. टिल्डा कुबिचेक, लपवून दिलेली शिष्यवृत्ती, देणार प्रुइट. तुमचे वरिष्ठ वाचतील आवडीनं.”

फाटकापाशी शेरीफ भाजलेलं कणीस खात उभा होता. बोली लावून पाठ फिरवणाऱ्यांची तो नेहमीच आपुलकीनं चौकशी करी. प्रुइटनं चेक फाडून दिला. त्याची छोटी गाडी निघाली तेव्हा एका खिडकीतून डुकराचं मुसकट बाहेर होतं आणि दुसरीतून शेपूट.

मंडप पांगला. मर्लनं कपाळ पुसलं. लिलावाच्या बाबतीत तो फार सोवळा माणूस. “ओर्विल, खरं सांग. तो एकोणतीसशेवर गप्प बसला असता, तर पैसे कुठून आणणार होतात?”

ओर्विलनं टिल्डाकडे पाहिलं.

“अख्ख्या गावाकडे मिळून अकरा डॉलर उरलेत, मर्लकाका,” टिल्डा म्हणाली. “म्हणून तर गिऱ्हाईक आणायला मला कॉलेजात जावं लागलं.”