फाटक्या शेपटीची म्हातारी

बाथरूममधला नळ बंद केला, म्हणूनच सिस्टरबाईंना ते ऐकू आलं.

"म्हातारी इथे आहे तोवर काही खरं नाही," सून हॉलमध्ये म्हणत होती. "रविवारी तिला पोचवून ये."

"रविवारी नक्की," मुलगा म्हणाला.

सिस्टरबाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. त्यांची सारी नोकरी प्रसूतिगृहात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी इमारतीत त्या सिस्टरबाईच होत्या, आणि आवाजही वॉर्डातलाच राहिला होता. भाजीत मीठ कमी पडलं की खालच्या मजल्यालाही कळायचं. सुनेशी खटके उडत, नाही असं नाही. पण गोष्टी या थराला गेल्यात हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

खोलीचं दार लावून त्यांनी परगावच्या मुलीला फोन केला आणि ऐकलं ते तिखटमीठ लावून सांगितलं. सून कजाग, मुलगा तिच्या मुठीतला, आणि आपली या घरात अडगळ झालेली. मुलगी भडकली. रजा टाकते, रविवारी सकाळीच येते आणि तुला माझ्याकडे घेऊन जाते, म्हणाली.

संध्याकाळी जेवताना मात्र सिस्टरबाईंना राहवलं नाही.

"रविवारी मला कुठे पोचवणार आहात ते आत्ताच सांगा. बोचकं बांधायला बरं."

मुलाचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती उठली, कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीपाशी गेली आणि तिनं काचेवर बोट ठेवलं.

"अहो आई, म्हातारी म्हणजे ही."

टाकीत हरतऱ्हेचे मासे गुण्यागोविंदानं नांदत होते. त्यातली सर्वांत मोठी, पांढुरकी, फाटक्या शेपटीची मासोळी काचेला तोंड लावून होती. मागच्या हिरव्या पानांत मोहरीएवढे ठिपके हलत होते. सिस्टरबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. ठिपक्यांना डोळे होते. कोणाच्या ध्यानीमनी नसताना टाकीतली एक इवली गप्पी मासोळी व्याली होती.

"ही गिळते त्यांना," सून म्हणाली. "म्हणून तिला हलवायचंय."

मुलगा हसला, जरा उशिरानं.

सिस्टरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोराबद्दल काय काय बोलून बसलो आपण! जेवण तसंच टाकून त्या खोलीत गेल्या आणि मुलीला पुन्हा फोन लावला. माझेच कान फुटके, म्हणाल्या, येऊ नकोस. पुन्हा मी असलं काही बोलले तर सरळ कानाआड कर. मुलगी वैतागली. साहेबांच्या हातापाया पडून रजा घेतली होती तिनं. बरं, यापुढे तसंच करीन, म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

नुसती लाज वाटून भागत नाही, हातून काहीतरी व्हावं लागतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी मासेवाल्या दुकानदाराला गाठून सगळं विचारून घेतलं. चमच्यानं एकेक पिल्लू उचलून काचेच्या बरणीत सोडलं. बरणी फ्रिजवर ठेवली, तिथे ऊब असते म्हणून. उकडलेल्या अंड्याचा बलक जुन्या मलमलीतून गाळून ड्रॉपरनं थेंबथेंब घालू लागल्या. वॉर्डात कमी वजनाची बाळं याच हातांनी जगवली होती. पिल्लांची पोटं फुगलेली दिसली की त्यांना सुनेला हाक मारून दाखवावंसं वाटे आणि हाक मारतानाच पुन्हा ओशाळल्यासारखं होई.

एकदा त्यांनी विचारलं, "म्हातारीनं खाल्लं का गं आज?"

"कोणी?" सून म्हणाली. मग टाकीकडे पाहून म्हणाली, "हो हो, खाल्लं."

बिचारी कामानं पार पिचून गेलीय, सिस्टरबाईंना वाटलं, आणि आपण तिला कजाग म्हणालो. मग मात्र त्यांनी सगळं कबूल करून टाकलं. फोन, तिखटमीठ, सगळं. "मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला गं. मला माफ कर."

सून एकदम रडायलाच लागली. सिस्टरबाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आता पिल्लं मोठी होईपर्यंत मला कुठे हलता यायचं नाही, असं त्या थट्टेनं म्हणाल्या, पण सुनेचं रडणं वाढलंच.

रविवारी त्यांनी झाकणाला भोकं पाडून मासोळी छोट्या बादलीत घेतली. मुलगा म्हणाला, गावाबाहेर एक जागा आहे, बागेत तळं आहे, तिथे ठेवतील तिला. तूही चल, तेवढीच मोकळी हवा. मुलानं असं आपणहून कुठे नेल्याला किती दिवस झाले होते! सिस्टरबाईंनी ठेवणीतले कपडे काढले. बरणीतलं पाणी एकदम बदलू नकोस, निम्मंच बदल, असं त्यांनी निघताना सुनेला दोनदा बजावलं. तिनं मान हलवली.

वाटभर त्यांनी बादली मांडीवर धरली होती. मुलगा उगाचच पुन्हा पुन्हा आरसा नीट करत होता. त्यालाही आपल्या बोलण्याचं लागलं असणार, या विचारानं त्यांना पुन्हा भरून आलं.

"अरे, झालं गेलं विसर," त्या म्हणाल्या. त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

फाटकाच्या आत लांबट बैठी इमारत होती आणि तळंही होतं खरंच. पांढरा एप्रन घातलेली एक बाई हसत पुढे आली. आपल्याच जातकुळीची दिसते, म्हणून सिस्टरबाईंना बरं वाटलं. त्यांनी बादली पुढे केली.

"ही आमची म्हातारी. पिल्लांवर डोळा असतो तिचा, बाकी गरीब आहे. सांभाळा हं."

बाईनं बादलीत डोकावून पाहिलं, मग गोंधळून मुलाकडे पाहिलं. तो पाठमोरा होऊन डिकी उघडत होता.

"मासा ठेवू देतील की नाही, विचारावं लागेल, आजी," बाई म्हणाली. "तुमची खाट मात्र खिडकीजवळची आहे."