काटेसाहेबांची तपासणी

काटेसाहेब घरात शिरले तेव्हा त्यांची बायको आणि जावई जेवणाच्या टेबलाशी दबक्या आवाजात काहीतरी बोलत होते. त्यांची चाहूल लागताच दोघं गप्प झाले. टेबलावर एक चकचकीत कागद होता. बायकोचा हात त्याकडे गेला, पण साहेबांचा आधी पोचला.

‘काटेसाहेब’ हे नाव बाजाराने ठेवलेलं, आणि तेही प्रेमाने नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंचे काटे तपासले होते. निवृत्तीनंतर तपासायला घरचीच माणसं उरली होती.

“क्रिप्टो एक्स्चेंज,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “सरकारमान्य. खाली परवाना क्रमांकसुद्धा! कुणी आणला हा?”

बायको ओट्याकडे वळली आणि तिने नळ सोडला.

“मी आणला,” जावई म्हणाला.

“वाटलंच मला.”

“बाबा, यात आत्ता पडू नका. दोन दिवस द्या मला.”

“कशाला? मोबाइल दुरुस्त करून पोट भरेना, म्हणून आता सासूला टोपी घालायची का, जावईबापू?”

“अहो, हळू बोला जरा,” बायको पाठमोरीच म्हणाली.

जावयाचे कान लाल झाले. तो सासूकडे बघत राहिला. तिने मान वळवली नाही. मग त्याने हेल्मेट उचललं. “कागद तरी परत द्या.”

“कागद जप्त,” साहेब म्हणाले.

लेकीने सहा वर्षांपूर्वी आपल्या मर्जीने या मोबाइलवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून साहेबांनी त्याला एकदाही ‘बसा’ म्हटलं नव्हतं. तो आपला आपण बसायचा. साहेबांच्या मते तेही निर्लज्जपणाचंच लक्षण होतं. आज मात्र गडी मुद्देमालासकट सापडला होता.

ते कॉम्प्युटरसमोर बसले. कागदावर ‘परवाना इथे तपासा’ असं लिहून एक चौकोनी कोड छापला होता. साहेब हसले. ज्याची झडती घ्यायची, त्याच्याच हातात टॉर्च कोण देतो? त्यांनी असे परवाने देणाऱ्या सरकारी नियामक कार्यालयाच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप केला आणि परवानाधारकांची यादी उघडली.

कंपनीचं नाव घातलं. ‘नोंद आढळली नाही.’ स्पेलिंग बदलून पुन्हा दोनदा घातलं. तेच उत्तर. मग परवाना क्रमांक घातला, आणि नोंद आली. ती अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका विमा दलालाची होती. नोंदणीकृत कंपन्यांच्या सरकारी यादीत मात्र कंपनीचं नाव सापडलं, एवढंच. पण कंपनी काढली म्हणजे लोकांचे पैसे घ्यायचा परवाना मिळाला असं होत नाही. तराजू विकत घेतला म्हणून त्यावर शिक्का बसत नाही, हे दुकानदारांना सांगून सांगून त्यांच्या घशाला कोरड पडायची.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“तुझा नवरा खोटा परवाना घेऊन फिरतोय.”

“बाबा, त्याला काही बोलू नका. आधी आईशी बोला.”

“म्हणजे तिलाही ओढलंय त्याने?”

“तुम्ही आईशी बोला ना एकदा, प्लीज.”

साहेबांनी फोन ठेवला. बायको झोपायच्या खोलीत होती, दार लोटलेलं. त्यांनी दार ढकललं नाही. भोळ्या बाईला आणखी काय विचारायचं? ती रडेल, जावयाची बाजू घेईल, आणि चोर निसटेल.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते नियामक कार्यालयात हजर होते. तक्रार विभागात चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक अधिकारी बाई फायलींच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. बाईंनी कागद बघितला आणि सुस्कारा सोडला.

“परवाना खोटा आहे.”

“ते मी कालच शोधलं. पुढचं बोला.”

“पुढचं म्हणजे, कंपनीची माणसं परदेशात. हाती लागतो तो इथला एजंट. ओळखीपाळखीच्या लोकांना गळाला लावायचं आणि माणसामागे कमिशन घ्यायचं. पण आतापर्यंत एकही जण लेखी द्यायला तयार नाही. सगळ्यांना शेजारधर्म आडवा येतो.”

“मला नाही येत. लिहून घ्या, एजंट माझा जावई...”

“नावाची गरज नाही. खाली हा एजंटचा आठ अंकी कोड आहे ना? हा ज्याचा, त्याच्यावर गुन्हा. तुम्ही फक्त सही करा.” बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. “पण नीट विचार करा. नोंदलेली तक्रार मागे घेता येत नाही.”

“मागे घेणारा दिसतो का मी? बत्तीस वर्षांत सख्ख्या भावाच्या दुकानालाही सोडलं नाही.”

त्यांनी ठसठशीत सही केली. बाईंनी शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली : दहा वाजून चाळीस मिनिटं. साहेबांच्या अंगात कित्येक दिवसांनी ऊब आल्यासारखं झालं. उद्या तो मोबाइलवाला दारात येऊन गयावया करेल, आणि तेव्हा आपण त्याला पहिल्यांदाच ‘बसा’ म्हणू, असं त्यांच्या मनात आलं.

बाई कोड कॉम्प्युटरमध्ये घालत होत्या. मध्येच त्यांची बोटं थांबली.

“काय झालं?”

“हा कोड माझ्याकडे आधीच लिहिलेला आहे.” त्यांनी डायरीची पानं मागे उलटली. “परवा एक तरुण येऊन गेला. एजंटने पहिली तक्रार नोंदली जायच्या आत स्वतःहून कबुली दिली तर अटक टळते का, असं विचारत होता. मी म्हटलं, टळते.”

“हुशार आहे लेकाचा,” साहेब म्हणाले. “मग आला नाही ना कबुलीला?”

“आज बारा वाजता येणार होता,” बाई म्हणाल्या, “सासूबाईंची समजूत घालून, त्यांना कबुलीला घेऊन.”